पोटातले बिऱ्हाडकरू आणि आपली भाकरी



आपल्या कोसाड आवासमध्ये राहणारे आणि लूम खात्यात बारा तासांची पाळी करणारे एक गृहस्थ दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आले होते. मूळचे नंदुरबारकडचे, वय त्रेचाळीस. मिस्सा आटोपून मंडळी पांगेपर्यंत ते थांबून राहिले आणि मग खाली मान घालून म्हणाले, "फादर, शौचाला रक्त जातंय. मूळव्याधच आहे, जुनी आहे." आम्ही त्यांना इसबगोल घ्यावयास सांगितले, तिखट कमी करा म्हटले आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतो असे आश्वासन देऊन त्यांची बोळवण केली. पुढे त्यांनी रस्त्याकडेला पाटी लावून बसलेल्या एका मूळव्याधवाल्याकडून पुड्या आणल्या. सात महिने गेले. वजन उतरले, अंगात रक्त राहिले नाही, पाळीवर चक्कर येऊन पडले, तेव्हा कोठे मोठ्या इस्पितळात गेले. गुदाशयात गाठ निघाली. मूळव्याध नव्हतीच.

आज त्यांच्यावर उपचार चालू आहेत. त्यांच्याच संमतीने, नाव न देता, आम्ही हे लिहीत आहोत. ते आम्हांला दोष देत नाहीत. पण दोष आमचा होताच. ज्या विषयातले आम्हांला कळत नव्हते त्यात आम्ही सल्ला दिला. त्यानंतर या रोगाविषयी जे मिळाले ते वाचले, डॉक्टरांना विचारले. त्यातून जे समजले आणि जे मत झाले ते या पानावर मांडतो.

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा कर्करोग आहे, आणि कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. २०२२ साली जगभर त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली. आपल्या देशात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे. मुंबईत कर्करोगाची नोंदवही १९६३ साली सुरू झाली आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला खेड्यांसाठीची नोंदवही १९८७ साली. या दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवल्या तर बार्शीच्या खेड्यांत हा रोग मुंबईहूनही कमी दिसतो. मात्र ज्यांना होतो त्यांना तो लवकरच्या वयात गाठतो. परळच्या टाटा इस्पितळातील डॉक्टरांनी २०१७ साली आपल्याकडील ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ४७ होते, आणि निम्म्याहून अधिक जणांची तक्रार शौचावाटे रक्त जाण्याची होती. सत्तेचाळीस हे घरातल्या कर्त्या माणसाचे वय होय.

आता प्रश्न असा की, खेड्यातल्या माणसाला कमी आणि शहरातल्याला अधिक, हे कशामुळे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंकडे आहे. आपल्या शरीरात, मुख्यत्वे मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. सगळ्यांचे मिळून वजन पाव किलोच्या आत. पण काम मोठे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. तुरीच्या मुळावर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवितात. जमिनीत शेणखत पडत राहिले तर हे उपकारी जीव टिकतात. नुसत्या रासायनिक खतांवर पीक काढीत राहिले तर काही वर्षांनी माती मुकी होते. आतड्याचेही तसेच आहे. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो या जिवाणूंचे खाद्य. तो खाऊन ते ब्युटिरेट नावाचे एक आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावरच जगतात. चोथा मिळाला नाही तर हे आम्ल घटते आणि अस्तर उपाशी राहते. उलट तेल-तूप-चरबी भरमसाट झाली की ती पचविण्यासाठी पित्त अधिक सुटते, आणि काही जिवाणू त्या पित्तापासून अस्तराला जाच करणारी द्रव्ये बनवितात.

हे सारे आजच कळले असे नाही. युगांडात अनेक वर्षे काम केलेले आयरिश शल्यविशारद डॉ. डेनिस बर्किट यांनी १९७१ साली लिहिले होते की, चोथायुक्त अन्न खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांत हा कर्करोग क्वचितच आढळतो. त्याही आधी ज्या पश्चिम रेल्वेच्या गाड्या कोसाड स्टेशनावरून रोज धडधडत जातात, त्याच रेल्वेतले एक डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कामगारांच्या रोगांचा अभ्यास केला होता. पोटाच्या कर्करोगांवरचा त्यांचा लेख १९६७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि १९७७ साली त्यांनी पुन्हा खास आतड्याच्या कर्करोगावर लिहिले. उत्तरेकडील कामगारांत हा रोग जवळजवळ दिसत नाही, दक्षिणेकडील कामगारांत दिसतो, हे त्यांनी नोंदविले. त्यांच्या मते फरक होता तो चोथ्याचा, नीट चावून खाण्याचा आणि दह्याताकाचा. त्या काळी हा तर्कच होता. पोटातल्या जिवाणूंची एकेक ओळख पटविण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती.

ती साधने आता आली आहेत. २०१५ साली एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस माणसे यांच्या जेवणाची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल केली. अमेरिकनांना चोथ्याचे, कमी चरबीचे अन्न दिले आणि आफ्रिकनांना मांस-चरबीचे. केवळ दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यातले ब्युटिरेट अडीच पट वाढले आणि अस्तराची जळजळ कमी झाली. आफ्रिकनांत नेमके उलट घडले. दोन आठवड्यांत कुणाला कर्करोग होत नाही की टळत नाही. परंतु वारे कोणत्या दिशेने वाहते ते यातून कळते.

दुसरा शोध अधिक चमत्कारिक आहे. आपल्या दातांवरच्या किटणात फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू राहतो. २०११ साली कॅनडा आणि अमेरिका येथील दोन पथकांना तो एकाच सुमारास आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत सापडला. २०१७ साली असे दिसले की, गाठ यकृतात पसरली तर हा पाहुणा तिच्याबरोबर तेथेही जातो. २०२४ साली अमेरिकेतील सिॲटल येथील संशोधकांनी दाखविले की, या जिवाणूची एक विशिष्ट जात जठरातल्या आम्लातून तगून जाऊ शकते, आणि त्यांनी तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या गाठींत ती होती. आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांना हाच जिवाणू जिभेच्या कर्करोगात आढळला, असे त्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केले.

तिसरी गोष्ट ई-कोलाय या सर्वपरिचित जिवाणूची. त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष फ्रान्समधील संशोधकांनी २००६ साली ओळखले. ते पेशीच्या मूळ आराखड्यातच बिघाड करते. २०२० साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी आतड्याच्या पेशींना पाच महिने या जिवाणूंच्या संगतीत ठेवले, तेव्हा त्या पेशींत एका ठरावीक ठशाच्या जखमा उमटल्या. तोच ठसा काही रुग्णांच्या गाठींतही मिळाला. २०२५ साली अकरा देशांतील ९८१ गाठी तपासून झालेल्या अभ्यासात असे निघाले की, चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत हा ठसा सत्तरीनंतरच्या रुग्णांच्या मानाने ३.३ पट अधिक आढळतो, आणि तो बहुधा लहानपणीच, दहा वर्षांच्या आत, उमटलेला असावा.

अशा बातम्या वाचल्या की माणसे दोन चुका करतात. आमचे लिहिण्याचे मुख्य कारण त्या दोन चुका हेच आहे.

पहिली चूक अशी की, जिवाणू म्हटला की लोक रुग्णापासून चार हात दूर होतात. ज्यांच्याविषयी वर लिहिले त्यांच्या घरी शेजारच्या बायांनी येणे कमी केले, त्यांच्या मुलांना वेगळे पाणी दिले, असे आमच्या कानी आले. हे अज्ञान आहे आणि हा अन्यायही आहे. आतड्याचा कर्करोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. ताटाला ताट लागल्याने, एका खोलीत झोपल्याने, एकच संडास वापरल्याने तो होत नाही. हे जिवाणू कोट्यवधी निरोगी माणसांच्या तोंडात आणि पोटात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा रोग कधीच होणार नाही. जिवाणू हा खटल्यातला एक आरोपी आहे, एकटाच गुन्हेगार नव्हे. वय, घराण्यातला वारसा, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठे काम, चोथ्याविना अन्न ही सगळी त्याच पिंजऱ्यात उभी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली जठरातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूला जठराच्या कर्करोगाचे कारण म्हणून जाहीर केले. आतड्यातल्या या जिवाणूंबाबत तिने असा निकाल दिलेला नाही.

दुसरी चूक बाटलीची. जिवाणू वाईट, तर चांगले जिवाणू विकत आणू, असे लोकांना वाटते आणि दुकानदारांनाही तेच हवे असते. प्रोबायोटिकच्या बाटल्या नि कॅप्सुली अलीकडे अमरोलीच्या साध्या दुकानांतूनही मिळतात. त्यांनी आतड्याचा कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही. उलट इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ साली दाखविले की, प्रतिजैविक औषधे घेतल्यानंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटात मूळच्या जिवाणूंची वस्ती पुन्हा बसावयास अधिक वेळ लागला. काहीच न घेणाऱ्यांची वस्ती लवकर सावरली. लूमवर बारा तास उभे राहून मिळविलेला पैसा अशा बाटलीत ओतू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच पैशात घरी आठवडाभर डाळ आणि पालेभाजी येते.

मग करावे काय? पहिली गोष्ट भाकरीची. खानदेशातून येथे आलेल्या आपल्या मंडळींचे मूळचे जेवण पाहा. ज्वारी-बाजरीची भाकरी, उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, तुरीचे वरण, वांग्याचे भरीत, मेथी, अंबाडी, सोबत ताक. पोटातल्या जिवाणूंना याहून चांगली मेजवानी कोणता तज्ज्ञ लिहून देईल? सुरतेला आल्यावर त्याची जागा पाव, खारी, तळलेले फरसाण आणि मैद्याच्या बिस्किटांनी घेतली. कारण उघड आहे. पाळीवरून दमून आल्यावर भाकऱ्या थापावयास हात चालत नाहीत, आणि खोलीत एकट्याने राहणाऱ्या पोराला तर चूल मांडणेही नको वाटते. म्हणून केवळ उपदेश करून भागणार नाही. ज्या गल्लीत पाच-सहा बिऱ्हाडे एका गावची आहेत त्यांनी आळीपाळीने भाकऱ्या कराव्यात. जे मेस चालवितात त्यांच्याकडे मेंबरांनी भाकरी आणि उसळ मागावी. मागितल्याशिवाय कुणी करणार नाही.

ज्यांची थोडी शेती ओलपाडच्या बाजूला आहे किंवा गावी कुणी कसते आहे, त्यांना आमची विनंती आहे की, ऊस आणि भात करावा, पण घरच्यापुरती ज्वारी आणि तूर सोडू नये. सुरतकर मंडळी थंडीत ज्याला पोंक म्हणून एवढ्या हौसेने खातात, तो आपला हुरडाच. त्याच ज्वारीची भाकरी मात्र आपल्या मुलांना गावंढळ वाटू लागली आहे. इसबगोलही वाईट नाही. तो आपल्या गुजरातेतच, उंझा-सिद्धपूरकडे, पिकतो आणि चोथ्याचेच काम करतो. पण रक्त जात असताना तपासणी टाळण्यासाठी इसबगोल घेणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे. ते पांघरूण आम्ही स्वतःच्या हाताने घातले होते.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. सर्दी झाली की दुकानातून चार गोळ्या आणावयाच्या, दोन खावयाच्या, दोन ठेवावयाच्या, ही आपली रीत. ही औषधे वाईट जिवाणूंबरोबर चांगलेही मारतात, जसे तणनाशक चुकीच्या वेळी फवारले तर पीकही जळते. स्वीडनमध्ये सुमारे ४०,००० रुग्णांच्या नोंदींवरून २०२१ साली असे दिसले की, प्रतिजैविके अधिक घेतलेल्यांत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचा कर्करोग काहीसा अधिक होता. हा संबंध आहे, पुरावा पक्का नाही. तरीही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये आणि लिहून दिल्यास पुरा क्रम घ्यावा, एवढे शहाणपण त्यातून घ्यावे. जे कोंबड्या पाळतात त्यांनीही लक्षात ठेवावे की, खाद्यात कोलिस्टिन हे औषध घालण्यास सरकारने २०१९ साली बंदी केली आहे. वजन लवकर वाढावे म्हणून पक्ष्याला औषध पाजणे हे शेजाऱ्याच्या ताटात औषध कालविण्यासारखेच आहे.

तिसरी गोष्ट तोंडाची. मशेरी, तंबाखू, गुटखा यांनी तोंडाचा कर्करोग होतो हे सर्वांना ठाऊक आहे. तंबाखू ओढल्याने आतड्याचाही होतो आणि दारूनेही होतो. दात सकाळ-रात्र स्वच्छ घासावेत. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवावे. दात घासल्याने आतड्याचा कर्करोग टळतो असे आम्ही म्हणत नाही. पण पाहुण्याचे मूळ घर कोठे आहे ते कळल्यावर ते घर घाणेरडे का ठेवावे?

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती लाजेची. सरकारच्या तपासणी योजनेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग आहेत. आतड्याचा नाही. अमेरिकेत पंचेचाळिशीपासून सर्वांना ही तपासणी करावयास सांगतात. आपल्याकडे रोग कमी, म्हणून सरसकट तपासणी नाही, हे समजण्यासारखे आहे. पण त्याचा अर्थ असा की, येथे पहारेकरी आपण स्वतःच आहोत. शौचावाटे रक्त, महिनाभराहून अधिक काळ बदललेली शौचाची सवय, विनाकारण उतरलेले वजन, पुरुषाच्या अंगात रक्त कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर मूळव्याध म्हणून गप्प बसू नये. घरात आईबाप वा भावंडांना हा रोग झाला असेल तर तक्रार नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गुदाशयाच्या पुष्कळशा गाठी डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. दोन मिनिटांचे काम आहे. पुढे दुर्बिणीने आतडे पाहतात. कर्करोगाची सुरुवात बहुधा एका लहान मशीसारख्या वाढीतून होते आणि तिचा कर्करोग होण्यास अनेकदा दहा वर्षे लागतात. ती वाढ दुर्बिणीतूनच काढता येते. इतकी सवलत देणारे कर्करोग थोडेच आहेत.

पाळी बुडेल, मालक काय म्हणेल, डॉक्टर कपडे उतरवायला लावील, घरात कळले तर काय, या चार भीतींपायी आपला माणूस सात महिने थांबतो. बायाबापड्या तर त्याहून अधिक थांबतात. आमचे मत असे की, आतड्यातल्या कोणत्याही जिवाणूने आपल्या वस्तीचे जेवढे नुकसान केले नसेल तेवढे या गप्प बसण्याने केले आहे.

येथून पुढे कुणी आमच्याकडे अशी तक्रार घेऊन आले तर आम्ही इसबगोल सांगणार नाही. मजुरा गेटजवळच्या न्यू सिव्हिल इस्पितळात त्यांच्याबरोबर जाऊन रांगेत उभे राहू. आयुष्मान कार्ड काढलेले नसेल तर ते आधी काढून घ्यावे, कागदांसाठी आम्ही मदत करू. प्रार्थना तर करूच. ती रांगेत उभे राहूनही करता येते.